जोडीदाराच्या पश्चात विमा : कागद कुठे अडतो?



शाळेच्या पत्रिकेत निकाल, सहल, वृक्षारोपण यांच्या जोडीला विम्यावरचा लेख पाहून काहींना नवल वाटेल. प्राचार्यांनी आता एजंटचे काम सुरू केले की काय, असेही एखादा म्हणेल. तसे काही नाही. या विषयाशी माझा संबंध आला तो शाळेच्या ऑफिसातूनच.

मागच्या वर्षी पोळ्याच्या आठ-दहा दिवस आधी एक बाई ऑफिसात आल्या. त्यांची मुलगी आपल्याकडे आठवीत, आणि त्या स्वतः आपल्याच शाळेच्या जुन्या विद्यार्थिनी. मुलीच्या फीबद्दल बोलायला आल्या असतील असे मला वाटले. पण त्यांना हवा होता स्वतःचा, लहानपणचा, स्कॉलर रजिस्टरमधला उतारा. दोन महिन्यांपूर्वी त्यांचे यजमान नागपूरच्या दवाखान्यात हृदयविकाराने गेले होते. लग्नाच्या वर्षी घेतलेली विमा पॉलिसी होती, हप्ते वेळेवर भरलेले होते. अडले होते ते नावावर. लग्नात सासरी त्यांचे नाव बदलले, आणि एजंटने नॉमिनीच्या जागी तेच नवे नाव लिहिले. आधार कार्ड आणि बँकेचे खाते मात्र शाळेच्या मार्कशीटवरून झाले, म्हणून तिथे माहेरचे नाव. पॉलिसीतली पत्नी आणि समोर उभी असलेली पत्नी एकच आहे, हे शाखेला कागदावर हवे होते.

"दोन्ही नावं माहीच आहेत मॅडम, पण कागदाले कसं सांगू?" असे त्या म्हणाल्या. त्यांच्या आडनावात 'ळ' आहे. नागपूरच्या मृत्यू प्रमाणपत्रावर तो 'ळ' बरोबर आला होता. आपल्याकडच्या हिंदी कागदांवर त्याचा 'ल' झालेला. इंग्रजी स्पेलिंगसुद्धा दोन ठिकाणी दोन तऱ्हेचे. एका घरातले चार कागद, आणि त्यांवर जणू तीन वेगवेगळी माणसे.

त्यांना पैसे नाकारले कोणीच नव्हते, हे मुद्दाम सांगते. आपल्याकडे 'विमावाले पैसे देत नाहीत' असे सरसकट बोलले जाते. कधी ते खरेही असते. पण माझ्याकडे दाखल्यासाठी येणाऱ्या माऊल्यांच्या हकिकती ऐकल्या तर बहुतेक वेळा रक्कम अडते ती नावापाशी, नाहीतर पॉलिसी आहे हेच घरात ठाऊक नसते. या दोन्ही गोष्टींची तजवीज माणूस हयात असतानाच करता येते. मागाहून करायची तर तेच काम दहापट जड होते, आणि ते करावे लागते अशा बाईला जिची तेरवीही झालेली नसते.

मृत्यूची नोंद कुठे होते?

पांढुर्णा-सौंसर भागातला गंभीर आजारी माणूस बहुधा नागपूरला जातो. मेडिकल, मेयो किंवा खासगी दवाखाना. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपली राजधानीही नागपूरच होती. राज्यांची रचना बदलली आणि आपण मध्यप्रदेशात राहिलो, पण दवाखान्याची वाट काही बदलली नाही. गंमत म्हणजे भारतीय आयुर्विमा महामंडळ त्याच्या दोनच महिने आधी, १ सप्टेंबर १९५६ रोजी, देशातल्या २४५ विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह संस्था एकत्र करून सुरू झाले. त्यामुळे आजही पुष्कळ घरांत एक पॉलिसी नागपूरच्या शाखेची, दुसरी छिंदवाड्याकडची, असे असते.

जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा असे सांगतो की मृत्यू जिथे झाला तिथेच त्याची नोंद होते. अंत्यसंस्कार आपल्या जाम नदीकाठी झाले असले तरी नागपूरला प्राण गेला असेल तर नोंद नागपूरलाच होणार. आपल्या नगर पालिकेत त्यासाठी चकरा मारून उपयोग नाही. दवाखान्यात मृत्यू झाला तर दवाखाना कळवतो. घरी झाला तर घरच्यांनी २१ दिवसांच्या आत नगर पालिकेत किंवा ग्राम पंचायतीत कळवायचे. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क देऊन नोंद होते. त्यानंतर वर्षभरापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि एक वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. खेड्यातल्या वृद्धांच्या बाबतीत ही नोंद राहून जाते असे मी पुष्कळदा पाहिले आहे. 'आता कशाला लागते' म्हणून राहते, आणि तीन वर्षांनी ट्रंकेतून बॉण्ड निघतो.

दवाखान्यातला फॉर्म कोण भरतो, याचाही विचार करा. रात्री दोन वाजता, सगळे रडत असताना, सोबत आलेला भाचा किंवा शेजारी भरतो. तो घरात ज्या नावाने हाक मारतात ते नाव सांगतो, स्पेलिंग मनाने घालतो. म्हणून सोबत जाणाऱ्या माणसाजवळ रुग्णाचे आधार कार्ड असावे आणि त्यावरची अक्षरे जशीच्या तशी उतरवावीत. महाराष्ट्रातले प्रमाणपत्र मराठी-इंग्रजीत मिळते, आपल्याकडचे हिंदी-इंग्रजीत. दोन्हींत समान असते ती इंग्रजी ओळ, आणि बाकीच्या कागदांशी ताडून पाहायला तीच उपयोगी पडते. 'ळ' चा 'ल' झाला तरी इंग्रजीत दोन्हीकडे एकच अक्षर येते! मी स्वतः हिंदी माध्यमात शिकले. माझ्या डिग्रीवरसुद्धा आडनावाचे हिंदीकरण झालेले आहे, तेव्हा हा अनुभव माझ्या घरचाच समजा. चूक राहिलीच तर तीच नोंद करणारे निबंधक ती दुरुस्त करू शकतात, पण त्यासाठी पुन्हा नागपूर गाठावे लागते. प्रमाणपत्राच्या पाच-सहा प्रती सुरुवातीलाच घ्याव्यात.

आपल्या जिल्ह्याचे नावही बदलले आहे. ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, पण जुन्या पॉलिसींवर पत्ता 'जिला छिंदवाड़ा' असाच आहे. काही पालकांनी घाबरून याबद्दल विचारले होते. एवढ्यावरून दावा बुडत नाही. गाव तेच आहे.

दावा कसा करायचा?

प्रथम शाखेला साध्या कागदावर कळवायचे : पॉलिसी क्रमांक, मृत्यूची तारीख, ठिकाण, कारण, आपले नाते. शाखा कोणती ते बॉण्डवर किंवा हप्त्याच्या पावतीवर असते. मग शाखा फॉर्म देते. आयुर्विमा महामंडळात दावेदाराच्या निवेदनाचा फॉर्म क्रमांक ३७८३ आणि रक्कम मिळाल्याच्या भरपाईचा फॉर्म ३८०१ असतो. खासगी कंपन्यांचे फॉर्म वेगळे, पण मागतात जवळपास तेच. मूळ बॉण्ड, मृत्यू प्रमाणपत्र, नॉमिनीचे ओळखपत्र, आणि नॉमिनीच्या स्वतःच्या नावाच्या खात्याचे पासबुक किंवा रद्द केलेला चेक. रक्कम थेट खात्यात जमा होते, म्हणून पत्नीचे स्वतःचे खाते असणे महत्त्वाचे. केवळ यजमानांच्या नावावर खाते असलेल्या घरी नवे खाते उघडण्यातच महिना जातो. बॉण्ड हरवला असेल तर हमीपत्र देऊन काम होते. त्यासाठी हताश होऊ नये.

जी प्रत शाखेत द्याल तिची पोच घ्यावी. शिक्का आणि तारीख. आपल्या लोकांना पोच मागायला संकोच वाटतो, पण पुढे दिवस मोजायचे झाले तर तेवढाच पुरावा हाती असतो. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये मुदती कमी केल्या. चौकशीची गरज नसलेला मृत्यू दावा १५ दिवसांत आणि चौकशी करावी लागणारा ४५ दिवसांत निकालात काढायचा आहे. उशीर झाला तर कंपनीने व्याज द्यायचे असते.

चौकशी कधी होते? पॉलिसी घेतल्यावर तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला तर बहुधा होतेच. डॉक्टरांचे दाखले, दवाखान्याचे जुने कागद, नोकरी असेल तर मालकाचे पत्र, असे सगळे मागतात. आजार लपवून पॉलिसी घेतली होती का, हे त्यांना पाहायचे असते. तीन वर्षांनंतर मात्र विमा कायद्याचे कलम ४५ पॉलिसीधारकाच्या कुटुंबामागे उभे राहते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षे पूर्ण झालेल्या पॉलिसीवर, माहिती खोटी होती असे म्हणूनसुद्धा, कंपनीला बोट ठेवता येत नाही. फक्त एक मेख आहे. हप्ते थकून पॉलिसी बंद पडली आणि ती पुन्हा चालू केली, तर ही तीन वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. कापसाचा किंवा संत्र्याचा पैसा उशिरा आला की आपल्याकडे हप्ता थकतो, हे मी जाणते. पण थकवून पुन्हा चालू करण्याची सवय महागात पडते.

बंद पडलेली पॉलिसी म्हणजे शून्य, असेही समजू नये. वार्षिक, सहामाही, तिमाही हप्त्याला ३० दिवसांची आणि मासिक हप्त्याला १५ दिवसांची सवलत असते, आणि त्या काळात मृत्यू झाला तर विमा चालूच धरला जातो. टर्म विमा सोडला तर तीन वर्षे हप्ते भरलेल्या जुन्या पॉलिसीत 'पेड-अप' म्हणून काही रक्कम राहते. बॉण्ड फेकण्याआधी शाखेत विचारावे.

ट्रंकेबाहेरचा विमा

वर सांगितलेल्या बाईंचे यजमान ४४ वर्षांचे होते. मी त्यांना बँकेचे पासबुक आणायला सांगितले. मे महिन्याच्या शेवटी ४३६ रुपये कापल्याची ओळ होती. त्यांना वाटले बँकेचा काही चार्ज असेल. ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना होती. ही योजना ९ मे २०१५ रोजी सुरू झाली. १८ ते ५० वर्षे वयात खात्यातून घेता येते आणि कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. नव्याने नाव घातल्यावरचे पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर मृत्यूला लाभ नसतो. दावा विमा कंपनीकडे नाही, जिथे खाते आहे त्या बँकेतच करायचा, आणि शक्यतो ३० दिवसांत. चार बँकांत चार खाती असली तरी लाभ एकच.

दुसरी ओळ २० रुपयांची असते. ती सुरक्षा विमा योजना, फक्त अपघातासाठी, तीही २ लाखांची. आपल्या भागात शेतात साप चावतो, विहिरीच्या मोटरीचा धक्का बसतो, बैलगाडी उलटते. हे सगळे अपघातच. पण घरचे लोक 'आता देहाची चिरफाड नको' म्हणून पोस्टमॉर्टेम टाळतात, पंचनामा होऊ देत नाहीत. भावना समजू शकते. तरी दवाखान्याचा कागद, पंचनामा आणि पोस्टमॉर्टेमचा अहवाल नसेल तर अपघात सिद्ध करणे फार कठीण जाते. सर्पदंशाच्या मृत्यूसाठी मध्यप्रदेश शासन राजस्व पुस्तक परिपत्रक ६(४) प्रमाणे तहसीलमधून ४ लाख रुपये देते, आणि तिथेही हेच कागद लागतात. माणूस बेशुद्ध पडला तर आधी दवाखाना, मांत्रिक नको, हे शाळेत आम्ही नेहमी सांगतो. त्याला हे एक कारण आणखी.

बोरगावच्या कारखान्यांत किंवा इतरत्र ज्यांचा पी.एफ. कापला जातो त्यांचा त्याच खात्याबरोबर आणखी एक विमा असतो. कामगाराला त्याचा वेगळा हप्ता भरावा लागत नाही, म्हणून तो माहीतच नसतो. नोकरीत असताना मृत्यू झाला तर त्यातून ७ लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. फॉर्म ५-आयएफ भरून मालकामार्फत पी.एफ. कार्यालयात द्यायचा. ट्रॅक्टर किंवा घराचे कर्ज घेताना बँकेने विमा उतरवला होता का, हेही विचारावे. उतरवला असेल तर कर्ज त्यातून फिटते, आणि घरचे मात्र न विचारता हप्ते भरत बसतात.

नॉमिनी म्हणजे मालक का?

हा प्रश्न सासू-सुनेच्या घरात हमखास येतो, आणि यावरचा गाजलेला खटलाही तसाच आहे. १९६७ मध्ये एक गृहस्थ वारले. प्रत्येकी दहा हजारांच्या दोन विमा पॉलिसी, नॉमिनी पत्नी. त्यांची आई आणि अज्ञान मुलगा यांनी हिस्सा मागितला. सरबती देवी विरुद्ध उषा देवी या नावाने हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल लागला डिसेंबर १९८३ मध्ये. वीस हजार रुपयांसाठी सोळा वर्षे! न्यायालय म्हणाले की नॉमिनी रक्कम स्वीकारणारी व्यक्ती आहे, हक्क मात्र वारसा कायद्याने ठरेल. हिंदू वारसा कायद्यात मृत पुरुषाची पत्नी, मुले आणि आई या सर्वांचा समान हिस्सा असतो.

२०१५ च्या दुरुस्तीने यात बदल झाला. आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले यांपैकी कोणी नॉमिनी असेल तर रक्कम त्याच्याच लाभाची, असे कायद्यात आले. तरीही इतर वारस कोर्टात गेले तर काय, यावर उच्च न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत. शेअर्स आणि म्युच्युअल फंडाच्या नॉमिनीबद्दल तर सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी पुन्हा सांगितले की नॉमिनी मालक होत नाही. तो खटला 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातला होता, ज्यांचे कॅलेंडर आपल्याही स्वयंपाकघरात टांगलेले असते. तेव्हा वाद होईल असे वाटत असेल तर नॉमिनीवर न थांबता साधे मृत्युपत्र करून ठेवावे. कंपनीने नॉमिनीला रक्कम दिली की तिची जबाबदारी संपते, आणि पुढचा हिशेब घरातल्या घरात राहतो.

नॉमिनी अज्ञान मूल असेल तर त्याच्या वतीने रक्कम घेणारी मोठी व्यक्ती पॉलिसीत नेमावी लागते. आपल्या पालकांपैकी अनेकांनी मुलांची नावे घातली आहेत पण हा रकाना रिकामा ठेवला आहे. लग्नाआधी घेतलेल्या पॉलिसीवर अजून आईचे नाव असते, आई वारलेली असते, हेही नेहमीचेच. नॉमिनी कधीही बदलता येतो. नॉमिनीच नसेल तर रकमेप्रमाणे उत्तराधिकार प्रमाणपत्रासाठी न्यायालयात जायची वेळ येऊ शकते.

व्यापारी पालकांसाठी एक गोष्ट. १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा अजून चालू आहे. त्याच्या कलम ६ खाली पतीने पत्नी-मुलांसाठी विमा घेतला तर ती रक्कम विश्वस्त निधी मानली जाते आणि सावकार-बँकांना तिला हात लावता येत नाही. मात्र हे पॉलिसी घेतानाच लिहावे लागते, मागून नाही.

दाद कुठे मागायची?

आधी शाखा, मग कंपनीचा तक्रार अधिकारी, मग विमा नियामकाचा फोन १५५२५५. तिथेही काम झाले नाही तर विमा लोकपाल. मध्यप्रदेशचे कार्यालय भोपाळला आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांचा विचार होतो, आणि कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत जावे लागते. पॉलिसी नागपूरची असली तरी तुम्ही इथे राहता म्हणून भोपाळला अर्ज करता येतो.

दहा वर्षे कोणी न मागितलेली विम्याची रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते. पुढच्या २५ वर्षांत वारसांना ती परत मागता येते. कंपन्यांच्या संकेतस्थळावर नाव आणि जन्मतारीख घालून शोधता येते. संगणक येणाऱ्या मुलांनी आजोबांच्या नावाने एकदा शोधून पाहायला हरकत नाही.

त्या बाईंचे काम चार महिन्यांत झाले. शाळेचा उतारा, लग्नाचे प्रमाणपत्र आणि 'दोन्ही नावे एकाच व्यक्तीची' असे शपथपत्र, या तीन कागदांवर. बँकेचे २ लाख त्याआधीच जमा झाले. रक्कम आल्याच्या आठवड्यात दोन ओळखीचे लोक दुप्पट करून देणाऱ्या योजना घेऊन घरी आले होते. त्यांनी दोघांनाही चहा देऊन परत पाठवले, याचे मला विशेष कौतुक वाटते.

नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना मी एक काम देते आहे. येत्या रविवारी आई-बाबांजवळ बसून एका पानावर लिहा : कोणत्या पॉलिसी, क्रमांक, शाखा, नॉमिनीचे नाव, आणि ते नाव आधार व पासबुकाशी अक्षर न् अक्षर जुळते का. पान शाळेत आणू नका, कोणाला दाखवू नका, फोटोही काढून पाठवू नका. आईला माहीत असेल अशा जागी ठेवा. आईच्या विम्याचेही लिहा. बायकांचा विमा असतो हे पुष्कळ घरांत बाबांना माहीत नसते.

ज्या माजी विद्यार्थिनींना माहेरच्या नावाची नोंद हवी असेल त्यांनी शाळेत कोणत्या वर्षी होत्या आणि वडिलांचे नाव काय, एवढे लिहून ऑफिसात अर्ज द्यावा. जुने रजिस्टर शोधायला वेळ लागतो, म्हणून तीन-चार दिवसांचा अवधी धरावा. यासाठी शुल्क घेतले जात नाही. रजिस्टरमध्ये ज्या अक्षरांत नाव लिहिले आहे त्याच अक्षरांत उतारा मिळेल, त्यात बदल करून देता येणार नाही.

— प्राचार्या